मका जगभर गेला, चुना तिथेच राहिला

शेंगदाणी

नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं मेक्सिकोत, केरेतारोला राहतेय. मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "तिकडे रोज नाचोज आणि चीजच खाता का?" उत्तर लिहायला बसले आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

नाचोज हा विसाव्या शतकातला, अमेरिकेच्या सीमेवरच्या एका गावात जन्मलेला पदार्थ. त्यावरचं चीज तर सोडाच. दूध-दुभतं, गहू, तांदूळ, कोंबडी, डुकराची चरबी, लसूण, कोथिंबीर हे सगळं १५१९ नंतर स्पॅनिश लोकांबरोबर आलं. हा सगळा थर खरवडून काढला की खाली जे उरतं, ते नहुआ, माया, सापोतेक, मिश्तेक, पुरेपेचा अशा कितीतरी लोकांचं जेवण. हे लोक पुस्तकात गेलेले नाहीत बरं का. नहुआंची नाहुआत्ल भाषा आजही दहा लाखांहून जास्त जण बोलतात, आणि माझी भाजीवाली त्यांतलीच एक आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीच्या टोकाला निक्स्तामालची (चुन्यात शिजवलेल्या मक्याची) गिरणी आहे. सकाळी उजाडायच्या सुमारास बायका झाकलेल्या बादल्या घेऊन रांगेत उभ्या असतात. बादलीत रात्रभर चुन्याच्या पाण्यात मुरलेला मका. दाणा टपोरा फुगलेला, पिवळसर. दोन बोटांत धरून चोळला की साल सरकन सुटून येते. गिरणीवाला बादलीतला एखादा दाणा नखानं चिरून बघतो. आत अगदी मधोमध थोडा कच्चेपणा हवा. पार मऊ शिजला असेल तर पीठ चिकट होतं, आणि मग तो त्या बाईला सगळ्यांसमोर सुनावतो. दगडांवर पाण्याची बारीक धार सोडलेली असते, खालून ओलं, कोमट पीठ लगदा होऊन पडतं. ह्या पिठाला मासा म्हणतात. (शाकाहाऱ्यांनो, दचकू नका.)

मासा म्हणजे ह्या सगळ्या स्वयंपाकाचा कणा. तो थापून तव्यावर, म्हणजे कोमालवर भाजला की टॉर्टिया. कणसाच्या सालीत बांधून वाफवला की तमाल. पाण्यात कालवून शिजवला की आतोले, जो इथे सकाळी बसस्टॉपवर पेल्यातून पितात. पोटात घेवड्याचं सारण भरून लांबट थापला की त्लाकोयो. मिचोआकानमधल्या पुरेपेचा बायका त्याचेच मक्याच्या हिरव्या पानात गुंडाळून त्रिकोणी तमाल करतात, त्यांना कोरुंदा म्हणतात. एल साल्वादोरमध्ये गेलात तर पुपुसा. नावं बदलतात, पण चुना जवळजवळ सगळीकडे आहे, कुठेकुठे त्याऐवजी राख.

चुन्यानं नेमकं होतं काय? दाण्यावरची चिवट साल सुटते, पीठ एकजीव होऊन बांधलं जातं, कॅल्शियम वाढतं. बुरशीचं विषही काही प्रमाणात कमी होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मक्यात अडकून पडलेलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) सुटं होऊन अंगी लागतं. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर चुना लावून मका शिजवण्याच्या खुणा सापडल्या आहेत, त्या इ.स.पू. १५०० ते १२०० च्या सुमाराच्या. म्हणजे तीन हजार वर्षांहून जास्त काळ हे चाललंय.

युरोपियनांनी मका उचलला, जहाजात घातला, जगभर नेला. चुना मात्र मागे सोडला. बायकांच्या चुलीपाशी काय चालतं ते बघायची गरजच वाटली नसेल, हे माझं मत. त्याची किंमत पुढे लाखो गरिबांनी मोजली. त्याबद्दल इथल्या वैद्यक मंडळींनी लिहावं.

आता ह्याची दुसरी बाजू. गिरणी ही अलीकडची गोष्ट. त्याआधी हे सगळं मेताते नावाच्या दगडावर व्हायचं. आपल्या पाट्यासारखाच, पण तीन पायांवर उभा आणि पुढच्या बाजूला उतरता. बाई त्याच्यामागे गुडघे टेकून बसते, वरवंटा दोन्ही हातांनी पुढे रेटते, पीठ उताराच्या टोकाला जमा होतं. घरात पाच-सहा माणसं असली तर दिवसाचे पाच-सहा तास ह्यातच जायचे. रोज. मासा टिकत नाही, आंबतो, त्यामुळे आठवड्याचं एकदम दळून ठेवायची सोय नाही. जुन्या सांगाड्यांमध्ये बायकांचे गुडघे आणि पाठ झिजलेली सापडते ती ह्यामुळे. तेपोस्तलानसारख्या गावात १९२० च्या दशकात गिरणी आली तेव्हा पुरुषांनी नाकं मुरडली. दगडावरच्या टॉर्टियाची चव हिला नाही, बायकांना रिकामा वेळ मिळाला की त्या बिघडतील, वगैरे वगैरे. गिरणी टिकली हे सांगायला नकोच.

म्हणून "अहाहा, पारंपरिक, हातानं वाटलेलं" असं कुणी रेस्टॉरंटात म्हणालं की माझ्या कपाळावर आठी येते. चव खरोखर वेगळी लागते, नाकारत नाही. पण ती कुणाच्या गुडघ्यांवर उभी आहे तेही बघावं.

राजगिरा, कोको, मोले (मिरच्या-मसाले वाटून केलेला दाट रस्सा), निवडुंग ह्यांबद्दल प्रतिसादांत लिहीन. विचारा.

चिमूटभर हिंग

मस्त धागा! पण फोटो कुठायत? फोटोशिवाय पाककृतीच्या धाग्याला इथे मान नाही, माहितीये ना?

शाकाहारी माणसाचं तिकडे कसं होतं ते जरूर लिही. नणंद जुलैत मेक्सिको सिटीला चाललीये, आत्तापासून खाकऱ्यांची पाकिटं जमवतेय.

दगडीजातं

वाचनखूण साठवली.

एक शंका. बाजारातून मक्याचं पीठ आणून टॉर्टिया करायला घेतल्या तर कडेनं चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना तुकडे होतात. गरम पाण्यात मळलं तरी तेच. पंजाबी लोक मक्के की रोटी करतात ती जाड असते म्हणून जमते, पण पातळ, दुमडता येईल अशी काही केल्या होत नाही. हा चुन्याचाच महिमा का? आणि घरी करायचं तर कुठला चुना, किती?

शेंगदाणी

@दगडीजातं, हो, चुन्याचाच. आपलं पीठ म्हणजे कोरडा मका थेट दळलेला. त्यात गव्हासारखं ग्लूटेन नाही. चुन्यात शिजल्यावर सालीतला चिकट भाग विरघळतो, दाण्यातलं थोडं पिष्ट फुलतं आणि तेच पिठाला धरून ठेवतं. मळून हे येणार नाही, कितीही रगडा.

घरी करायचं तर असं करा.

मका वाळलेला, धान्याचा घ्या. स्वीटकॉर्न चालणार नाही. बियाण्याच्या दुकानातला मका चुकूनही आणू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. किराणा किंवा धान्याच्या दुकानातला घ्या.

चुना खायचा, विझवलेला. किलोभर मक्याला कोरडी पूड असेल तर दहा ग्रॅम. पानवाल्याकडचा ओला असेल तर त्यात पाणी असतं, अंदाजानं जास्त घ्या. कळीचा चुना घरात विझवायच्या भानगडीत पडू नका, उकळून अंगावर उडतो. भिंतीचा तर नाहीच नाही.

भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, चुना त्याला खातो.

तीन लिटर पाण्यात चुना विरघळवून मका घाला, मंद आचेवर साल सुटू लागेपर्यंत ठेवा. माझ्याकडे अर्ध्या ते पाऊण तासात होतं. मग झाकून रात्रभर तसंच. सकाळी पाणी काढून दोन-तीनदा धुवा. साल सगळी काढायची गरज नाही. थोडी राहिली तर पीठ उलट चांगलं बांधतं.

खरी अडचण दळण्याची. मिक्सर पाण्याशिवाय फिरत नाही, आणि पाणी घातलं की लापशी होते. इडलीचा दगडी वेट ग्राइंडर असेल तर थोडं थोडं घालून, पाण्याचा नुसता हबका मारत बघा. पाटा असेल तर उत्तम, पण वरचे गुडघ्यांचे परिच्छेद वाचून मग बसा.

तव्यावर पहिली बाजू कडा सुटेपर्यंतच, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत. उलटून दुसरी बाजू चांगली मिनिटभर. पुन्हा उलटलं की फुगायला हवी. फुगली नाही तर मासा कोरडा आहे.

पळसपान

वैद्यक मंडळींना आवाहन झालंय म्हणून लिहितो. (मी डॉक्टर, पण हाडांचा. तरी हे वाचलेलं आहे.)

नायसिन कमी पडलं की होणाऱ्या आजाराचं नाव पेलाग्रा. ऊन लागतं त्या जागी कातडी भाजल्यासारखी काळी-लाल होऊन सोलते, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा उठतो, जुलाब लागतात, पुढे बुद्धिभ्रम, शेवटी मृत्यू. स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल ह्या वैद्यानं १७३५ मध्ये ह्याची नोंद केली. गळ्याच्या त्या पट्ट्याला आजही कासालचं नाव आहे. नंतर उत्तर इटली, बाल्कन, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं. जिथे जिथे गरिबाच्या ताटात फक्त मका उरला, तिथे तिथे.

अमेरिकेत सगळे म्हणत होते हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरनं १९१४ पासून अनाथालयं, वेड्यांची इस्पितळं, तुरुंग पालथे घातले. त्याच्या लक्षात आलं की आजार रुग्णांना होतो, पण त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या परिचारिकांना होत नाही. संसर्ग असता तर असं झालं नसतं. फरक फक्त जेवणात होता. लोकांना पटेना म्हणून त्यानं, त्याच्या बायकोनं आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, शिवाय त्यानं आणि सहकाऱ्यांनी त्यांची खपली आणि मलमूत्र कणकेच्या गोळ्यांतून गिळलं. कुणालाही काही झालं नाही. कमी पडतं ते नायसिनच, हा नेमका शोध १९३७ चा, कॉनराड एल्व्हेजेम ह्यांचा. गोल्डबर्गर तोवर गेलेला होता.

मेक्सिकोत मात्र मका हेच मुख्य अन्न असूनही हा आजार असा कधी पसरला नाही. चुना हे एक कारण, आणि सोबतीचा घेवडा हे दुसरं.

आपल्याकडचीही एक गोष्ट. दख्खनमध्ये, हैदराबादच्या आसपास, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा दिसायचा. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया ह्यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्यूसिन (प्रथिनातला एक घटक) जास्त असतं आणि ते नायसिनच्या आड येतं. त्यावर पुढे बरेच वाद झाले, सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण नुसतं एकच धान्य आणि सोबत काही नाही, ही परिस्थिती दोन्हीकडे सारखीच होती.

वऱ्हाडी झटका

डॉक्टरसाहेब, आमच्या आज्यानं नव्वद वर्सं ज्वारीची भाकर खाल्ली न् कायबी झालं नाई त्याले. आता ज्वारीलेबी बदनाम करता का?

पळसपान

झटकासाहेब, तुमचे आजोबा भाकरीबरोबर तुरीचं वरण, अंबाडी, ठेचा, ताक घेत असणार. मी म्हणतोय ते ज्यांना भाकरी आणि मीठ एवढंच मिळायचं त्यांच्याबद्दल. ज्वारी बिनधास्त खा.

वऱ्हाडी झटका

तसं सांगा ना मंग. ताक तर लोटाभर लागे त्याले.

उंडगा

सगळं अमेरिकेतून आलं म्हणायची फॅशन आहे. कर्नाटकात सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरात, तेराव्या शतकातल्या मूर्तींच्या हातात चक्क मक्याचं कणीस आहे. डोळ्यांनी बघून आलोय. दाणेसुद्धा मोजता येतात. म्हणजे कोलंबसाच्या आधी दोनशे वर्षं मका इथे होता. हे कुणी सांगत नाही.

शेवगासावली

उंडगाजी, सांगतात की. कार्ल जोहानेसन आणि ॲन पार्कर ह्यांनी १९८९ मध्ये अगदी हाच दावा छापला होता, दाण्यांच्या रांगा मोजून. त्याला भारतीय मका-तज्ज्ञांनीच, पायक आणि सचान ह्यांनी १९९३ मध्ये उत्तर दिलं की ते मक्याचं कणीस नाही, मोत्यांनी मढवलेलं कल्पित फळ आहे, मुक्ताफळ. होयसळ शिल्पात दागिन्यांची कलाकुसर किती बारीक असते ते तुम्ही पाहिलंच आहे.

मला पटतं ते वेगळ्या कारणानं. मका हे लपून राहणारं पीक नाही. तो इथे असता तर त्याचे दाणे, तुरे, परागकण, ग्रंथांतली नावं, काहीतरी मिळालं असतं. मेक्सिकोत बघा. वाहाकातल्या गिला नाकित्स गुहेत सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची कणसं सापडली आहेत, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. गेरेरोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात त्याहूनही जुने, सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे अवशेष दगडी अवजारांना चिकटलेले मिळाले. मक्याचं जंगली मूळ म्हणजे तेओसिंते हे गवत आजही त्याच खोऱ्यात उगवतं. सगळी साखळी एका जागी आहे. आपल्याकडे फक्त मूर्तीच्या हातातली एक वस्तू.

उंडगा

मुक्ताफळ म्हणे. असो. तुमचं चालू द्या.

चिमूटभर हिंग

मुक्ताफळं इथेही उधळली जातायत पण 😄

कोनफळ

माझा प्रश्न उपासाचा. राजगिरा तिकडचा आहे असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का? सासूबाईंना सांगितलं तर एकादशी मोडेल.

शेवगासावली

@कोनफळ, खरं आहे. दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिरा मेसोअमेरिकेतला. पालेभाजीचा माठ आपला वेगळा, त्याचं कूळ तेच. उपासाचं ताटच बघा ना. राजगिरा मेक्सिकोचा. बटाटा अँडीज पर्वतातला, साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिथलाच. मिरची पुन्हा मेक्सिकोची. वरईचा भात आणि जिरं तेवढं जुन्या जगातलं. उपासाला पूर्वापार चालत आलेलं धान्य चालत नाही, नवं आलेलं चालतं, असा काहीतरी हिशेब असावा. बाहेरून आलेल्यांवर बंदी घालायला कुणाला सुचलं नाही आणि आता ते सोवळं झालं.

शेंगदाणी

राजगिऱ्याची गोष्ट मला फार आवडते, मी लिहिते.

अस्तेक लोक (स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोवर राज्य करणारे नहुआ) राजगिऱ्याच्या पिठात मधासारखा घायपाताचा पाक घालून कणिक मळायचे आणि तिच्या देवाच्या मूर्ती घडवायचे. पानकेत्सालिस्त्ली नावाच्या सणाला विट्सिलोपोच्त्ली ह्या युद्धदेवाची मोठी मूर्ती अशीच व्हायची. शेवटी ती मोडून तिचे तुकडे लोक खायचे. स्पॅनिश पाद्री हे बघून हादरले, कारण देव खायचा विधी त्यांच्याही चर्चमध्ये होता. त्यांनी हे विधी मोडून काढले आणि त्याबरोबर राजगिऱ्याची शेतीही आटत गेली. पूर्ण संपली नाही. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को गावात आजही राजगिरा लावतात, कोमालवर लाह्या फोडतात आणि पाकात घालून वड्या पाडतात. नाव आलेग्रिया. वर बेदाणे, भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे लावतात. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी विक्रेत्याला विचारलं, हे तुमच्याकडे कधीपासून आहे? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं काही विचारलंच नाही.

@कोनफळ, सासूबाईंना सांगू नकोस. तिथेही तो देवाचाच होता, एकादशीला चालायला हरकत नाही.

कोकमकढी

आमच्या कोकणात शिंपले भाजून चुना करायचे, आजोबांच्या वेळी भट्टी होती गावात. तिकडे चुना कशाचा?

आणि निवडुंग खातात हे खरं का? आमच्याकडे फड्या निवडुंगाची लाल बोंडं पोरं खातात आणि मग जिभेत काटे रुतले म्हणून बोंबलतात.

शेंगदाणी

@कोकमकढी, डोंगरी भागात चुनखडीचे दगड भाजून. पण चियापासच्या जंगलातले लाकांदोन माया नदीतल्या लांबुळक्या गोगलगायी खाऊन त्यांचे शंख भाजायचे आणि त्याचा चुना मक्याला वापरायचे. म्हणजे तुमच्या आजोबांची भट्टी तिथेही होती. काही ठिकाणी चुन्याऐवजी लाकडाची राख वापरतात, ते पुढे तेहाते नावाच्या पेयात येईल.

निवडुंग रोजच्या भाजीतला. कोवळी फडं आणतात, त्यांना नोपाल म्हणतात. बाजारात बाई मांडीवर फडा घेऊन, सुरी आडवी धरून काटे खरवडत बसलेली असते. हात इतका चालतो की बोलता बोलता टोपलं भरतं. मग मीठ लावून कोमालवर भाजायचं, किंवा चिरून कांद्याबरोबर उकळायचं. चिकट तार सुटते, ती पाणी काढून टाकलं की जाते. चव आंबटसर. मला भाजलेलं आवडतं, उकडलेलं नाही.

आपल्याकडचा रानटी निवडुंग घेऊन प्रयोग करू नका. खायचा नोपाल पिढ्यान्‌पिढ्या निवडून काटे कमी केलेला आहे. बोंडांवरचे केसासारखे काटे खरे वाईट, डोळ्यांना दिसत नाहीत.

बांधावरचा घायपातही तिकडचाच. तो फुलायला आठ-दहा वर्षं घेतो. फुलाचा दांडा वर यायच्या बेतात असतो तेव्हा मधला गाभा कापून खड्डा करतात आणि त्यात साठणारा गोड रस दिवसातून दोनदा, काही महिने काढतात. तो पटकन आंबतो आणि पुल्के होतं. पांढरं, दाटसर, थोडं चढणारं. अस्तेकांच्या काळी तरुण माणसानं प्यायलं तर कडक शिक्षा, म्हाताऱ्यांना मोकळीक.

पाचटराव

मी शेती करतो, मका दोन एकर. मक्याला काणी (बुरशीचा रोग) आली की आम्ही कणीस तोडून जाळतो. तिकडे ती काणी खातात म्हणे, आणि भाव मक्यापेक्षा जास्त? थट्टा नाही ना?

शेंगदाणी

@पाचटराव, थट्टा नाही. विट्लाकोचे म्हणतात. दाणे फुगून करडे-निळे, मऊ होतात, आत काळं. ते कोवळं असतानाच काढतात, कोरडी काळी पूड व्हायला लागली की उपयोगाचं नाही. कांदा, हिरवी मिरची आणि एपासोते नावाच्या उग्र पाल्याबरोबर परततात आणि टॉर्टियात भरतात. काळीकुट्ट भाजी, चव अळंबीसारखी पण जास्त मातकट, थोडी गोड. पावसाळ्यात बाजारात येते आणि हो, कणसापेक्षा महाग.

तुम्ही औषधं फवारलेल्या शेतातली खाऊ नका. आणि ज्वारीची काणी वेगळी, ती तर नकोच.

दगडीजातं

रिपोर्ट: पाट्यावर केलं. बायकोनं दहा मिनिटांनी पाटा सोडला, मग मी. टॉर्टिया फुगली!! चिरा नाहीत. वास मात्र पूर्ण घरात चुन्याचा. मुलगा म्हणाला पान खाल्ल्यासारखं वाटतंय.

शेंगदाणी

वा! वास जास्त आला म्हणजे एक पाणी जास्त धुवायला हवं होतं किंवा चुना जरा कमी. एकूण छान झालंय.

आता राहिलेलं.

कोको. चॉकलेट ही गोड वडी होण्याआधी कडू पेय होतं. कोकोच्या बिया आंबवून, भाजून, मेतातेवर वाटून पाण्यात घालायच्या, त्यात मिरची, व्हॅनिला, शेंद्री, सुगंधी फुलं. साखर नव्हतीच. बियांचं नाणंही चालायचं. महत्त्व फेसाला. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार सोडत राहायचं. हा फेस आज बघायचा असेल तर वाहाका शहराजवळच्या त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजारात जा आणि तेहातेवाल्या बायकांच्या रांगेत उभे राहा. तेहाते करताना मका राखेच्या पाण्यात शिजवतात. त्यात कोको, मामेय फळाची भाजलेली बी आणि रोसिता नावाची वाळलेली फुलं वाटून घालतात. मोठ्या मातीच्या परातीत बाई कोपरापर्यंत हात घालून तो गोळा घुसळते, थोडं थोडं गार पाणी सोडते. हळूहळू वर पांढरा, जाडसर फेस चढतो, दह्याच्या कवडीसारखा तुटणारा. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत खालचं तपकिरी पाणी आणि वर फेसाचा ढीग. पहिला घोट फेसाचाच घ्यायचा. पाणी कुठलं असतं हे विचारू नका, मी विचारत नाही.

मोले. ह्याबद्दल मेक्सिकन माणसाशी वाद घालू नये. मिरच्या ताज्या आणि सुक्या वेगळ्या जाती मानतात. आंचो, पासिया, मुलातो, ग्वाहियो, प्रत्येकीचं काम वेगळं, तिखटपणापेक्षा रंग आणि गोडवा महत्त्वाचा. बिया काढून कोमालवर भाजतात, भिजवतात, वाटतात. पुएब्लाच्या मोलेत चॉकलेट, तीळ, बदाम, दालचिनी, लवंग येतात. म्हणजे हा काही कोलंबसपूर्व पदार्थ नाही, दोन जगांची खिचडी आहे. वाहाकाच्या काळ्या मोलेत मिरच्यांच्या बिया मुद्दाम करपवतात, तेव्हा घरात खोकल्यानं कुणी उभं राहू शकत नाही. त्याहून जुना प्रकार बघायचा तर भोपळ्याच्या बियांचे रस्से. युकातानमधलं सिकिल पाक, म्हणजे भाजलेल्या बिया आणि टोमॅटो वाटून केलेली घट्ट चटणी, सगळ्यांनी करून बघा. अर्ध्या तासात होते आणि शाकाहारी आहे.

तमाल आणि चरबी. आजचा तमाल डुकराच्या चरबीत फेटलेला असतो, त्यामुळे हलका होतो. डुक्कर स्पॅनिश लोकांनी आणलं, म्हणजे मूळ तमाल बिनचरबीचा. सोळाव्या शतकात साहागुन नावाच्या पाद्र्यानं नहुआ लेखकांच्या मदतीनं बारा भागांचा प्रचंड ग्रंथ तयार करून घेतला. त्यात तमाल विकणाऱ्यांचे प्रकार आहेत, टर्की, मासे, बेडूक, घेवडा, मध, काय काय भरलेले. आणि वाईट विक्रेता कसा ओळखावा तेही आहे. शिळे, फुटके, बेचव तमाल विकतो तो.

@चिमूटभर हिंग, नणंदेसाठी. "सिन मान्तेका" (चरबीशिवाय) हे दोन शब्द पाठ करून घ्या. घट्ट परतलेल्या घेवड्यात चरबी असतेच असं धरून चाला. "फ्रिहोलेस दे ला ओया" म्हणजे मडक्यात नुसता उकडलेला घेवडा, तो बहुतेक वेळा सुरक्षित, पण तरी विचारायचं. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, तो टाळा. रस्त्यावर निळ्या मक्याचे त्लाकोयो, नोपाल, भोपळ्याची फुलं, विट्लाकोचे घातलेल्या केसादिया (सारण भरून दुमडलेल्या टॉर्टिया) मिळतात. तिथे चीज हवं असेल तर स्पष्ट सांगावं लागतं. "मी शाकाहारी" म्हटलं की लोक कोंबडी वाढतात, तेव्हा "कार्ने (मांस) नको, पोयो (कोंबडी) नको, हामोन (हॅम) नको" अशी यादीच म्हणायची. खाकरे दोन पाकिटं पुरेत. तिथे टॉर्टिया किलोवर मिळतात.

आणि वाहाकाला गेली तर बाजारात टोपलीत लाल, कुरकुरीत, लिंबू-मीठ लावलेला ढीग दिसेल. त्याला शेव समजून हात घालू नये. ते नाकतोडे आहेत.

चिमूटभर हिंग

नणंदेला नाकतोड्यांचं सांगणार नाहीये. 😇

फोटो??